स्वतःचं डेटाबेस इंजिन लिहा, पण एसक्यूएल शेवटी

डेटाबेस इंजिन लिहायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा आधी पार्सरला, म्हणजे एसक्यूएल या डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतला मजकूर वाचून समजून घेणाऱ्या भागाला, हात घालतो. साहजिक आहे, डेटाबेस म्हटलं की डोळ्यांसमोर माहिती मागणारं सिलेक्टच येतं. मग कंस, अवतरणचिन्हं आणि स्वल्पविराम सांभाळण्यात आठवडे जातात, माहिती मात्र मेमरीतल्या एका यादीत पडून असते आणि प्रोग्रॅम बंद केला की नाहीशी होते. एवढ्या मेहनतीनंतर हाती येतो तो एसक्यूएलचा पार्सर. डेटाबेस अजून सुरूच झालेला नसतो.

म्हणून इथला क्रम उलटा आहे: आधी फाइल, मग रेकॉर्ड, मग क्वेरी (माहितीची मागणी) चालवणारे तुकडे, आणि भाषा त्यानंतर. १९७० साली आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेलचा निबंध लिहिला, तेव्हा एसक्यूएल अस्तित्वातच नव्हती. कॉड यांचं म्हणणं एवढंच होतं, की माहिती टेबलांच्या रूपात दिसावी, वापरणाऱ्याने 'काय हवं' ते सांगावं आणि 'ते कसं शोधायचं' हे यंत्रणेने ठरवावं. एसक्यूएलचं पहिलं रूप असलेली सीक्वेल ही भाषा आयबीएमच्याच डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये मांडली. बर्कली विद्यापीठातल्या इन्ग्रेस या डेटाबेसची तर क्वेल नावाची वेगळीच भाषा होती. म्हणजे भाषा बदलली तरी खालचं इंजिन चालतं.

आधी कुंपण घाला

एका वेळी एकच वापरकर्ता. एकच फाइल. दोनच प्रकार: पूर्णांक आणि मजकूर. नेटवर्क नाही, पासवर्ड नाही, एकाच वेळी दोघांनी लिहिणं नाही. भाषा जी हातात बसली असेल ती घ्या. पायथन संथ असली तरी या कामाला पुरेशी आहे आणि पुढची उदाहरणं तीच गृहीत धरून आहेत. बाइट्सशी जवळून खेळायचं असेल तर सी, गो किंवा रस्ट घ्या.

उदाहरणासाठी गावातल्या वाचनालयाची दोन टेबलं घेऊ. 'सभासद' या टेबलात क्रमांक, नाव, गाव, वर्गणी. 'नेआण' या टेबलात सभासदाचा क्रमांक, पुस्तकाचा क्रमांक आणि तारीख, तीही पूर्णांक म्हणूनच.

पायरी १: फाइलची पेजेस करा

फाइलमध्ये ओळीमागून ओळ लिहीत जाण्याचा मोह टाळा. मधली एखादी ओळ लांबली की पुढचं सगळं सरकवावं लागतं. बहुतेक इंजिनं फाइल सारख्या आकाराच्या पेजेसमध्ये तोडतात. मुद्दाम बदललं नाही तर पोस्टग्रेस या डेटाबेसचं पेज ८१९२ बाइट्सचं, मायएसक्यूएलमधल्या इनोडीबी इंजिनाचं १६ किलोबाइटचं आणि एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचं २०१६पासून ४०९६चं असतं. आपणही ४०९६ घेऊ.

तीन फंक्शनं लिहा: क्रमांक देऊन पेज वाचणं, क्रमांक देऊन पेज लिहिणं आणि नवं पेज मागणं. पेज क्रमांक गुणिले ४०९६ ही फाइलमधली जागा. शून्याव्या पेजवर तुमच्या फाइलची खूण, आवृत्तीचा आकडा आणि एकूण पेजेसची संख्या ठेवा. खूण ठेवायला विसरू नका. एसक्यूलाइटच्या प्रत्येक फाइलचे पहिले १६ बाइट्स अशाच खुणेचे असतात, त्यामुळे भलतीच फाइल उघडली तर लगेच कळतं.

यापुढच्या कुठल्याही कोडने फाइलला थेट हात लावायचा नाही. सगळा व्यवहार या तीन फंक्शनांमधूनच व्हायला हवा. ही शिस्त का, ते वीज जाण्याच्या पायरीवर कळेल.

पायरी २: रेकॉर्डचे बाइट्स

आता एक रो (टेबलातली एक ओळ, म्हणजे एक रेकॉर्ड) बाइट्समध्ये कशी बसवायची ते ठरवा. साधी पद्धत अशी: सुरुवातीला एक बाइट, ज्याचा एकेक बिट सांगतो की तो कॉलम नल, म्हणजे न भरलेला, आहे का. त्यामुळे टेबलात जास्तीत जास्त आठ कॉलम. चालेल. पूर्णांकाला ८ बाइट्स. मजकुराला आधी २ बाइट्समध्ये लांबी, मग यूटीएफ-८ या पद्धतीने बाइट्समध्ये बदललेला मजकूर.

हिशेब एकदा कागदावर करून बघाच. सभासद क्रमांक १७, नाव सविता, गाव कऱ्हाड, वर्गणी २००. देवनागरीचं प्रत्येक कोडचिन्ह (युनिकोडने वेगळा क्रमांक दिलेली खूण) यूटीएफ-८मध्ये ३ बाइट्स घेतं. 'सविता'मध्ये स, व, इकार, त, काना अशी पाच चिन्हं, म्हणजे १५ बाइट्स, लांबीसकट १७. 'कऱ्हाड'मध्ये सहा चिन्हं, १८ बाइट्स, लांबीसकट २०. एकूण १ + ८ + १७ + २० + ८ = ५४ बाइट्स. लांबी अक्षरांत मोजली आणि जागा बाइट्समध्ये वापरली, तर इंग्रजी नावांवर सगळं सुरळीत चालतं आणि पहिल्याच मराठी नावावर पुढचा कॉलम विस्कटतो. चाचणीत पहिल्या दिवसापासून मराठी मजकूर असू द्या.

'कऱ्हाड'मध्ये आणखी एक मेख आहे. 'ऱ' हे एक स्वतंत्र कोडचिन्ह आहे, पण काही ठिकाणी तेच 'र' आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी लिहिलेलं असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. बाइट्स मात्र एकाचे १८, दुसऱ्याचे २१. गाव कऱ्हाड असलेले सभासद शोधले की निम्मेच सापडतात आणि माणूस इंजिनातला दोष शोधत बसतो. उपाय सोपा आहे: मजकूर आत घेताना युनिकोडच्या एनएफसी या एकसारख्या रूपात बदलून घ्या, आणि क्वेरीतल्या मजकुरालाही तोच नियम लावा. 'ॲ'च्या बाबतीत मात्र एनएफसी कामी येत नाही. स्वतंत्र 'ॲ' आणि 'अ'वर चंद्र देऊन केलेला 'ॲ' युनिकोडच्या लेखी वेगळेच आहेत. तो बदल हाताने लिहावा लागेल.

पायरी ३: पेजच्या आतली मांडणी

रेकॉर्ड लहानमोठे असतात, पेजचा आकार ठरलेला. दोन्हींचा मेळ घालणाऱ्या रचनेला स्लॉटेड पेज म्हणतात. सगळ्या पायऱ्यांत हिच्यावर सर्वांत जास्त वेळ द्या.

पेजच्या डोक्यावर ८ बाइट्स: स्लॉट किती ते २ बाइट्समध्ये, रेकॉर्डचा भाग कुठून सुरू होतो ते २ बाइट्समध्ये आणि याच टेबलाच्या पुढच्या पेजचा क्रमांक ४ बाइट्समध्ये. त्यानंतर स्लॉटांची रांग. प्रत्येक स्लॉट ४ बाइट्सचा, त्यात रेकॉर्डची जागा आणि लांबी. रेकॉर्ड स्वतः पेजच्या शेवटून उलटे भरत येतात. स्लॉट वरून खाली वाढतात, रेकॉर्ड खालून वर, मधली जागा रिकामी. दोघे भेटले की पेज भरलं.

सविताचा रेकॉर्ड ५४ आणि त्याचा स्लॉट ४, म्हणजे ५८ बाइट्स. डोक्याचे ८ वजा केले की ४०८८ उरतात, त्यात असे ७० रेकॉर्ड मावतात. एकाहत्तरावा घालायचा प्रयत्न झाला की नवं पेज जोडलं जातं का, ही तुमची पहिली खरी चाचणी.

स्लॉटांचा हा खटाटोप कशासाठी? प्रत्येक रेकॉर्डला कायमचा पत्ता मिळावा म्हणून. 'पेज ५, स्लॉट १२' हा तो पत्ता. रेकॉर्ड पेजच्या आत कुठेही सरकला तरी पत्ता बदलत नाही, कारण बदलतो तो फक्त स्लॉटमधला आकडा. रेकॉर्ड पुसताना स्लॉटमधली लांबी शून्य करा. स्लॉट काढून मागचे पुढे सरकवू नका, नाहीतर पुढे इंडेक्समधले (रेकॉर्ड पटकन शोधायच्या सूचीतले) सगळे पत्ते चुकतील. मधल्या मोकळ्या जागा जागेची चणचण भासेल तेव्हाच एकत्र करा.

कुठलं टेबल कुठल्या पेजपासून सुरू होतं आणि त्याचे कॉलम कोणते, हे लिहून ठेवायला जागा हवी. तिच्यासाठी वेगळी फाइल नको. तेही एक टेबलच करा आणि त्याचं पहिलं पेज कायम क्रमांक १ ठेवा.

पायरी ४: क्वेरी हाताने चालवा

पार्सर अजून नाही, तरी क्वेरी चालवता येते. गोएट्झ ग्रेफे यांच्या व्होल्कॅनो या यंत्रणेमुळे रूढ झालेली पद्धत वापरू: क्वेरीचा प्रत्येक तुकडा म्हणजे 'पुढची रो दे' एवढंच समजणारी वस्तू. टेबल वाचणारा तुकडा पेजमागून पेज जाऊन रो देतो. गाळणारा तुकडा खालच्याकडे रो मागतो आणि अट जुळली तरच वर देतो. कॉलम निवडणारा, क्रम लावणारा, जोडणारा, सगळ्यांचा चेहरामोहरा एकच. पायथनमध्ये यील्ड वापरलं की प्रत्येक तुकडा पाच-दहा ओळींत संपतो. हे तुकडे हाताने एकमेकांत अडकवा आणि कऱ्हाडचे सभासद छापून बघा.

जोडणीसाठी आधी दुहेरी लूप लिहा: प्रत्येक सभासदासाठी नेआणीची प्रत्येक रो तपासायची. ५०० सभासद आणि ३००० नोंदी असतील तर १५ लाख तुलना होतात आणि पायथनला धाप लागते. मग लहान टेबल एका डिक्शनरीत भरून मोठं टेबल एकदाच वाचणारी हॅश जोडणी लिहा. दोन्ही टेबलं एकेकदाच वाचली जातात. लिहिलेला लूप फेकू नका, हॅश जोडणीचं उत्तर पडताळायला तो लागेल.

नलचा प्रश्न याच पायरीवर सोडवा, पुढे ढकलू नका. तुलनेचं उत्तर खरं, खोटं किंवा अज्ञात असं तीन प्रकारचं असतं. एखाद्या सभासदाचं गाव नोंदवलेलंच नसेल, तर 'गाव सातारा आहे' या अटीवर तो येत नाही आणि 'गाव सातारा नाही' या अटीवरही येत नाही. गाळणारा तुकडा फक्त 'खरं' पुढे जाऊ देतो. जोडणीतही नल नलशी जुळत नाही. पायथनमध्ये नलच्या जागी येणारं नन मात्र ननशी सारखं ठरतं, त्यामुळे तुलनेचं फंक्शन स्वतः लिहा.

पायरी ५: आता पार्सर

खालचं सगळं तयार असल्यामुळे पार्सरचं काम मर्यादित राहतं. क्रिएट टेबल, इन्सर्ट, डिलीट आणि एका जोडणीपर्यंतचं सिलेक्ट एवढं पुरे. आधी मजकुराचे टोकन, म्हणजे सुटे शब्द आणि चिन्हं, पाडा, मग प्रत्येक रचनेसाठी एक फंक्शन लिहा. अटींसाठी फंक्शनांची उतरंड ठेवा: 'ऑर'चं फंक्शन 'अँड'च्या फंक्शनला बोलावतं, ते 'नॉट'च्या, ते तुलनेच्या. प्राधान्यक्रम आपोआप बरोबर येतो, कुठलंही तयार साधन लागत नाही. पार्सरने प्रत्यक्ष काम काही करायचं नाही. त्याने मागच्या पायरीतले तुकडे जोडून द्यायचे.

टेबलांची नावं मराठीत ठेवणार असाल तर टोकन पाडताना जपा. 'अक्षर आहे का' हे विचारणारं पायथनचं इसअल्फा काना, मात्रा, वेलांटीला नाही म्हणतं. 'गाव'चा ग निघाला की काना आडवा येतो. रेग्युलर एक्स्प्रेशनमधली शब्दचिन्हाची खूणही तशीच अडखळते. जमत गेलेला शब्द इसआयडेंटिफायरकडून तपासत पुढे जा, तो काना-मात्रा नीट ओळखतो. आकड्यांची मात्र काळजी नको, पायथन '१७' हाही आकडा म्हणून वाचतं.

पायरी ६: इंडेक्स

एका सभासदासाठी सगळं टेबल वाचणं परवडेनासं झालं की बी-ट्री ही झाडासारखी फाटे फुटणारी रचना लिहायची. बोइंगच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांची ही रचना १९७२मध्ये छापून आली, आणि आजही इंडेक्स म्हटलं की आधी तीच समोर येते. आपण तिचा बी-प्लस प्रकार घेऊ: मधली पेजेस फक्त रस्ता दाखवतात, शेवटच्या पेजेसवर मूल्य आणि रेकॉर्डचा पत्ता.

मधल्या पेजवर मूल्याचे ८ आणि खालच्या पेजच्या क्रमांकाचे ४, म्हणजे एका नोंदीला १२ बाइट्स. डोक्यावर १६ बाइट्स सोडले तर ३४० फाटे मावतात. शेवटच्या पेजवर पत्ता ६ बाइट्सचा धरून नोंद १४ बाइट्सची, म्हणजे २९१ नोंदी. तीन मजल्यांत ३४० × ३४० × २९१, म्हणजे भरगच्च पेजेस धरली तर सुमारे ३ कोटी ३६ लाख नोंदी. त्यातली कुठलीही फक्त तीन पेजेस वाचून मिळते. प्रत्यक्षात पेजेस अर्धी-पाऊण भरलेली असतात, तरी चित्र तेच.

अवघड भाग आहे पेज भरल्यावर ते दुभंगणं आणि मधलं मूल्य वर ढकलणं. ते वरचं पेजही भरलेलं असेल तर तेही दुभंगतं, आणि मुळाचं, म्हणजे सगळ्यांत वरचं, पेज दुभंगलं तर झाड एका मजल्याने वाढतं. चाचणी करताना एका पेजवर चारच नोंदी मावतील अशी खोटी मर्यादा घाला, म्हणजे वीस-पंचवीस आकड्यांतच सगळे प्रकार घडतील. पुसल्यावर अर्धवट रिकामी पेजेस जोडण्याचं काम सोडून द्या. पोस्टग्रेसही अर्धी रिकामी पेजेस एकमेकांत मिसळत नाही.

अपडेट लिहिताना सावध राहा. १९७६च्या हॅलोविनच्या दिवशी आयबीएमच्या सिस्टिम आर या डेटाबेस प्रकल्पात एक गंमत लक्षात आली. ठरावीक रकमेपेक्षा कमी पगार असलेल्यांना १० टक्के वाढ द्यायची क्वेरी चालवली, तर सगळ्यांचे पगार त्या रकमेपर्यंत जाऊन पोहोचले. पगाराच्याच इंडेक्सवरून वाचन चाललं होतं. वाढ मिळालेली नोंद इंडेक्समध्ये पुढे सरकायची, वाचन तिथे पोहोचलं की तिला पुन्हा वाढ. या दोषाला आजही हॅलोविन प्रॉब्लेम म्हणतात. आपल्याला उपाय सोपा आहे: आधी जुळणाऱ्या सगळ्या रेकॉर्डचे पत्ते गोळा करा, मग बदल करा.

पायरी ७: वीज गेली तर

पेजेस मेमरीत ठेवणारा कॅश आता घाला. डिक्शनरी, बदललेल्या पेजवर खूण, आणि जागा संपली की सर्वांत जुनं पेज बाहेर. एवढंच. पण बदललेलं पेज व्यवहार (एकत्रच पूर्ण व्हायला हवेत असे बदल) पूर्ण होण्याआधी बाहेर काढायचं नाही, हा नियम पक्का.

खरा प्रश्न वेगळा आहे. एका इन्सर्टमध्ये टेबलाचं पेज, इंडेक्सची दोन-तीन पेजेस आणि शून्यावं पेज बदलतं. त्यातली दोन लिहून झाली आणि वीज गेली, तर फाइल ना जुनी राहते ना नवी. शिवाय फाइलमध्ये लिहिलं म्हणजे डिस्कवर पोहोचलं असं नसतं. ऑपरेटिंग सिस्टिम ते आपल्याकडे राखून ठेवते आणि सवडीने, हवं त्या क्रमाने लिहिते. 'आत्ताच डिस्कवर जाऊ दे' असं सांगण्यासाठी एफसिंक असतं. पायथनमध्ये आधी फ्लश आणि मग एफसिंक, दोन्ही लागतात.

सोपा मार्ग म्हणजे रोलबॅक जर्नल, बदलाआधीच्या पेजेसच्या प्रती ठेवणारी फाइल. वेगळं सांगितलं नाही तर एसक्यूलाइट हाच वापरते, नवे बदल आधी वेगळ्या फाइलमध्ये नोंदवणाऱ्या राइट-अहेड लॉगचा पर्याय तिच्यात २०१०मध्ये आला. क्रम असा:

१. बदलणाऱ्या प्रत्येक पेजचा क्रमांक, जुनी प्रत आणि चेकसम (बाइट्सवरून काढलेला पडताळणीचा आकडा) जर्नल नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहा.
२. जर्नलला एफसिंक करा. लिनक्सवर फोल्डरलाही करा, नाहीतर फाइलचं नावच हरवू शकतं.
३. मुख्य फाइलमध्ये नवी पेजेस लिहा आणि तिला एफसिंक करा.
४. जर्नल पुसा आणि फोल्डरला पुन्हा एफसिंक करा. व्यवहार पक्का होतो तो या क्षणी.

डेटाबेस उघडताना जर्नल सापडलं, तर मागचा व्यवहार अर्धवट राहिला होता. चेकसम जुळणाऱ्या जुन्या प्रती मुख्य फाइलमध्ये परत लिहा, एफसिंक करा, जर्नल पुसा. जर्नलच अर्धवट लिहिलेलं असेल तर? मग दुसरी पायरी पूर्ण झालेली नाही, म्हणजे मुख्य फाइलला अजून कुणी हात लावलेला नाही. चेकसम न जुळणारी नोंद सोडून दिली तरी काही बिघडत नाही. चार पायऱ्यांच्या क्रमातली एकही जागा बदलली तर हा युक्तिवाद कोसळतो. कुठली बदलली की नेमकं काय बिघडतं, ते कागदावर मांडून बघा.

एफसिंकने चूक कळवली तर पुन्हा प्रयत्न करू नका, प्रोग्रॅम तिथेच थांबवा. २०१८मध्ये पोस्टग्रेसच्या मंडळींच्या ध्यानात आलं, की लिनक्सवर एकदा एफसिंक फसल्यावर दुसऱ्यांदा केलेलं एफसिंक 'सगळं ठीक' म्हणू शकतं, प्रत्यक्षात ती पेजेस डिस्कवर गेलेलीच नसतात. त्यानंतर पोस्टग्रेसही अशा वेळी आपणहून थांबू लागली आणि लॉगवरून सावरू लागली.

हे तपासायचं कसं? प्रोग्रॅम मध्येच मारून उपयोग नाही. प्रोग्रॅम मेला तरी ऑपरेटिंग सिस्टिम जिवंत असते आणि तिने राखलेलं सगळं नंतर डिस्कवर जातं. फाइलचा व्यवहार मोजक्या फंक्शनांत कोंडला होता, त्याचा फायदा इथे होतो. त्यांच्या खाली एक खोटी डिस्क बसवा, जी एफसिंक होईपर्यंतचं लेखन यादीत धरून ठेवते आणि 'वीज गेली' म्हटलं की त्यातलं काही लिहिते, काही टाकून देते. मग पहिल्या लेखनानंतर वीज घालवा, दुसऱ्या लेखनानंतर घालवा, असं शेवटपर्यंत. दर वेळी फाइल उघडून बघा: इन्सर्ट पूर्ण दिसायला हवा किंवा अजिबात नाही.

उत्तरं बरोबर आहेत का

पायथनसोबत एसक्यूलाइट आयती मिळते, तिलाच परीक्षक करा. यादृच्छिक टेबलं आणि क्वेरी तयार करणारा छोटा प्रोग्रॅम लिहा, तीच क्वेरी दोन्हीकडे चालवा आणि उत्तरं ताडून बघा. एसक्यूलाइटचे कर्ते रिचर्ड हिप यांनीही आपलं इंजिन इतर डेटाबेसांशी असं ताडून बघायला एसक्यूएललॉजिकटेस्ट नावाचं साधन केलं आहे. ऑर्डर बाय नसेल तर रो कुठल्याही क्रमाने येऊ शकतात, तेव्हा तुलनेआधी दोन्ही उत्तरांचा क्रम लावून घ्या. पूर्णांकाच्या कॉलममध्ये मजकूर घातला तरी एसक्यूलाइट तक्रार करत नाही, त्या बाबतीत तिचं ऐकू नका.

एका ठिकाणी मात्र दोन्ही उत्तरं जुळूनही वाचनालयाच्या दृष्टीने चुकीची असतील. बाइट्सच्या क्रमाने लावलेल्या यादीत 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो, मराठी वर्णमालेत त्याची जागा 'ह'नंतर. अनुस्वाराचं कोडचिन्ह सगळ्या व्यंजनांच्या आधीचं असल्यामुळे 'अंकुश' हा 'अकबर'च्या आधी लागतो. क्रम लावणाऱ्या तुकड्याला तुलनेचं फंक्शन बाहेरून देता येईल अशी सोय ठेवा आणि मराठीचं फंक्शन स्वतः लिहा. मजकुराच्या कॉलमवर इंडेक्स करणार असाल तर त्या बी-ट्रीलाही हेच फंक्शन द्यावं लागेल. ते नंतर कधी बदललंत, तर इंडेक्स पुसून पहिल्यापासून बांधा.